दोनशे ते सहाशे: सोनीची झूम लेन्स आणि भिगवणची हवा

सोनीची एफई २००-६०० मिमी एफ/५.६-६.३ जी ओएसएस ही लेन्स जून २०१९ मध्ये जाहीर झाली. गेले तीन हिवाळे मी ती पक्ष्यांची चित्रे घेण्यासाठी सोनीच्याच ए७ फोर या कॅमेऱ्याच्या बॉडीवर वापरतो आहे; बहुतेक वेळ भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर आणि उरलेला सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत. घेताना माझे लक्ष सहाशे या आकड्यावर, म्हणजे पक्षी सर्वांत मोठा दाखवणाऱ्या टोकावर होते, आणि लाखाच्या बऱ्याच पुढे जाणारे पैसे मी त्या आकड्यासाठीच मोजले, हे कबूल करायला हवे. वापरल्यानंतर मात्र या लेन्सचा खरा गुण दोनशेच्या टोकाला आणि तेथून सहाशेपर्यंत किती सहज जाता येते यात आहे, असे माझे मत झाले आहे.

कुंभारगावच्या काठावरून सकाळी होडीत बसले की पहिल्या अर्ध्या तासातच कवड्या खंड्या दिसतो. तो पाण्यावर काही मीटर उंचीवर पंख फडफडवत एका जागी थांबतो, चोच खाली रोखतो आणि एकाएकी दगडासारखा पडतो. सहाशे मिमीवर तीस मीटर अंतरावरची चौकट जेमतेम १.८ मीटर रुंद असते. होडी हलत असताना एवढ्याशा चौकटीत पक्षी सापडेपर्यंत त्याचा मासा गिळून झालेला असतो. दोनशेवर तीच चौकट ५.४ मीटरची होते. पक्षी लगेच सापडतो, फोकस त्याच्यावर बसतो आणि मग मनगटाच्या एका पिळात सहाशे गाठता येते. झूमची रिंग फार थोडी फिरवावी लागते आणि ती हलकी चालते. शिवाय झूम आतल्या आत होत असल्याने लेन्सची ३१८ मिमी लांबी तीच राहते, नळी पुढे सरकत नाही आणि डाव्या हातावरचा तोल बिघडत नाही. सिग्माची १५०-६०० आणि टॅमरॉनची १५०-५०० या दोन्ही लेन्स झूम करताना लांब होतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण खंड्याच्या सुरापुढे तो किरकोळ राहत नाही. निकॉनने २०२३ मध्ये झेड १८०-६०० आणली तेव्हा तिच्यातही झूम आतच ठेवला, यातच सगळे आले.

वजनाबाबत मनाची तयारी करूनच ही लेन्स घ्यावी. तिपाईवर बसवण्याची कडी काढून ठेवली तरी ती २११५ ग्रॅम भरते. बॉडीचे ६५८ ग्रॅम धरले तर हातात पावणेतीन किलो येतात. याला उपाय नाही, कारण सहाशे मिमीला एफ/६.३ (लेन्स किती प्रकाश आत घेते याचे माप; आकडा लहान तितका प्रकाश जास्त) हवे असेल तर पुढचे भिंग निदान ९५ मिमी व्यासाचे असावे लागते, सहाशेला ६.३ ने भागले की हाच आकडा येतो आणि फिल्टरचा आकारही तोच आहे. एफ/४ ची सहाशे मिमी लेन्स सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते, परंतु तिचे वजन तीन किलोंच्या वर जाते आणि किंमत कित्येक पटींनी वाढते.

प्रकाशाची ही उणीव भिगवणच्या उघड्या आकाशाखाली जाणवत नाही. सिंहगडाच्या दरीत जाणवते. तेथे झाडोऱ्याखालच्या ओहोळाशी स्वर्गीय नर्तक उतरतो तेव्हा एफ/६.३ वर शटर सेकंदाचा १/२५० ठेवूनही आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० च्या आसपास जातो. त्याची लांब शेपटी हलली की ती पुसट येणारच. लेन्समधली ओएसएस यंत्रणा आपल्या हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल थांबवणे तिच्या हातात नाही. हे नव्याने आलेल्यांना दरवेळी सांगावे लागते. तिचे तीन मोड आहेत: पहिला बसलेल्या पक्ष्यासाठी, दुसरा एका दिशेने कॅमेरा फिरवत घेतलेल्या चित्रांसाठी आणि तिसरा कोठेही वळू शकणाऱ्या उडत्या पक्ष्यासाठी. नदी सुरय डोक्यावर घिरट्या घालू लागले की मी तिसरा लावतो आणि शटर १/२५०० च्या खाली येऊ देत नाही.

ए७ फोरसारख्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमुळे खरा फरक पडला तो फोकसमध्ये. जुन्या, आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांमध्ये फोकससाठी सेन्सरहून वेगळा भाग असे. लेन्सचे ॲपर्चर एफ/५.६ किंवा चांगल्या बॉडीत एफ/८ च्या पलीकडे गेले की त्याचा भरवसा संपत असे. आता फोकस सेन्सरवरच होत असल्याने कॅननने २०२० मध्ये एफ/११ च्या दोन लेन्स बाजारात आणल्या, आणि या लेन्सला १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारे, चित्र मोठे करणारे जोडभिंग) लावून ८४० मिमी एफ/९ केले तरी पक्ष्याचा डोळा धरला जातो. ए७ फोर पक्ष्याचा डोळा शोधण्यात बहुधा चुकत नाही. मात्र वेळू-गवताआड बसलेला पक्षी असेल तर ती खुशाल पुढच्या पात्याला धरते. तेथे फोकसचा चौकोन लहान करून आपणच तो ठेवावा.

टेलिकन्व्हर्टरबद्दल मात्र माझे मत उत्साहाचे नाही. डिसेंबर ते मार्च या काळात रोहित पक्ष्यांचे थवे दीडदोनशे मीटरवर उथळ पाण्यात उभे असतात आणि ८४० मिमीचा मोह अनावर होतो. परंतु ऊन चढले की पाण्यावरची हवा उकळल्यासारखी थरथरू लागते आणि रोहितांच्या पायांच्या कडा लाटालाटांच्या होतात. कन्व्हर्टर ती थरथरही पक्ष्याबरोबर मोठी करून दाखवतो. साडेनऊनंतर घेतलेली असली चित्रे पाहून लेन्सच मऊ आहे, चित्र धारदार देत नाही, असा निष्कर्ष मी पहिल्या हिवाळ्यात काढला होता. भरीला एका विक्रेत्याकडून घेतलेला ९५ मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर पुढे बसवलेला होता. पंधरा दिवस लेन्सला दोष दिल्यावर एका सकाळी तो काढून त्याच फांदीवरच्या त्याच वेड्या राघूचे चित्र घेतले, तेव्हा गळ्याखालच्या काळ्या रेघेची पिसे न् पिसे सुटी दिसली. फिल्टर आता कपाटात आहे. पुढच्या भिंगाच्या रक्षणाला हूड पुरतो.

भिगवणचे नावाडी या लेन्सना ‘तोफ’ म्हणतात. थवा आणखी मोठा दिसावा म्हणून मी होडी पुढे घ्यायला सांगितली, तेव्हा बांबू पाण्यात रोवून उभा राहिलेला आमचा नावाडी म्हणाला, ‘‘सर, एवढी तोफ आणलीय, मग पाखरं उठवायची कशाला?’’ मी होडी थांबवली. चरणाऱ्या रोहितांनी माना वर काढल्या की आपण जास्तच जवळ आलो आहोत, हे तोवर माझ्या ध्यानात यायचे होते.

काही बारीक तक्रारी नोंदवतो. कडीचा पाय आर्का-स्विस पद्धतीच्या (तिपाईच्या डोक्यात थेट सरकवून आवळता येणाऱ्या) खाचेचा नाही, त्यामुळे तशा डोक्याची तिपाई असेल तर वेगळी पट्टी किंवा बदली पाय घ्यावा लागतो. सिग्माने हीच सोय लेन्सबरोबर दिली आहे. फोकसची मर्यादा ठरवणारी कळ पिशवीतून काढताना सरकते. ती १० मीटर ते अनंत या खुणेवर गेलेली असेल तर सहा मीटरवर येऊन बसलेला टिकेलचा निळा माशीमार काही केल्या फोकस होत नाही, आणि आपण कॅमेऱ्यावर चिडत राहतो. पूर्ण मर्यादेवर ही लेन्स २.४ मीटरपर्यंत फोकस करते. चतुर आणि फुलपाखरांसाठीही ते पुरेसे आहे.

होडीतून, गाडीतून किंवा लपणीतून चित्रे घेणाऱ्याने सोनीच्या बॉडीसाठी दुसरी लेन्स शोधत बसू नये. दरीत दिवसभर चालणाऱ्याने टॅमरॉनची १५०-५०० आधी हातात घेऊन पाहावी. कडी काढल्यावर ती १७२५ ग्रॅम भरते आणि चढणीवर त्या चारशे ग्रॅमचा फरक खांद्याला कळतो. मी सहाशेचीच ठेवली आहे. भिगवणला जाताना टेलिकन्व्हर्टर मात्र आता घरी राहतो आणि त्याच्या कप्प्यात नावाड्यासाठी छापून आणलेली चित्रे असतात.