साडेतीन लाखांचा रंग

पावसाळ्यात बोट वर ओढून सुकाणूंचं काम काढणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. जुन्या कॅटमरानची, म्हणजे जोडधडाच्या बोटीची, दोन्ही सुकाणू आतून नवी करायची म्हणून आम्ही गोव्यातल्या एका यार्डाला 3 लाख 50 हजार रुपये मोजले. मिळाली पुट्टी आणि वरून रंग. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण फसवलं कसं ते सगळं सांगतो.

बोट 1990च्या दशकात फ्रान्समध्ये बांधलेली, 38 फुटी, मी आणि माझ्या मित्राने भागीत घेतलेली. दोन हल (पाण्यात बसणारी धडं), दोन सुकाणू, मध्ये त्यांना जोडणारा दांडा. अशा सुकाणूच्या पात्यात स्टेनलेसचा शाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा उभा दांडा असतो, शाफ्टला आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, भोवती फोम आणि बाहेरून फायबरची दोन कवचं. शाफ्ट जिथे पात्यात शिरतो तिथे कालांतराने केसाएवढी फट पडते. पाणी आत जातं आणि कोंडून राहतं. खरी गोम इथेच आहे. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. कोंडलेल्या पाण्यात तो मिळत नाही. मग वेल्डच्या कडेने धातू खाल्ला जातो आणि बाहेर दिसतो फक्त एखादा तांबूस ओघळ.

आमच्या दोन्ही पात्यांवर तो ओघळ होता. यार्डवाल्याने आमच्यासमोर पात्याच्या तळाशी 6 मिमीचं भोक पाडलं. तपकिरी, कुबट वासाचं पाणी ठिबकायला लागलं. "सर, आतला फोम गेलाय. पट्ट्या पण गेल्या असणार. उघडल्याशिवाय इलाज नाही." माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. रोग एवढा अचूक सांगणाऱ्या डॉक्टरच्या औषधावर कोण शंका घेतो?

ठरलं ते असं: दोन्ही पाती एका बाजूने कापून उघडायची, 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे 50 मिमीचे नवे शाफ्ट टाकायचे, पट्ट्या टिग वेल्डिंगने बसवायच्या, नवा फोम, वर इपॉक्सी, आणि शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश डेल्रिनचे, म्हणजे पाण्यात फारसं न फुगणाऱ्या प्लास्टिकचे. साठ टक्के आगाऊ. आम्ही दोघे पुण्यात, बोट गोव्यात, वर जुलैचा पाऊस. "टेन्शन घेऊ नका सर, स्वतःची बोट समजून करतो." हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याच्याकडून कामाचे टप्पे लिहून घ्या.

व्हॉट्सॲपवर फोटो येत राहिले. उघडलेलं पातं, चकचकीत शाफ्ट, निळसर झाक असलेले ताजे वेल्ड. फोटो बघून उरलेले पैसे गेले. ताबा घेताना चाक जड लागलं, तर म्हणाला बुश नवे आहेत, चालवून सैल होतील. (ते नायलॉनचे निघाले. नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि शाफ्ट आवळतं. ते सैल होत नाही, आणखी घट्ट होतं.) मित्राने शाफ्टच्या ग्रेडचं विचारलं, तेव्हा त्याने खिशातून लोहचुंबक काढून शाफ्टच्या वरच्या टोकाला लावलं. चिकटलं नाही. "बघा, अस्सल 316."

हा खेळ सर्रास चालतो. लोहचुंबक 316ला चिकटत नाही तसं 304 या हलक्या ग्रेडलाही चिकटत नाही. उलट समुद्रात या दोघांपेक्षा सरस असलेल्या 2205 डुप्लेक्स या स्टेनलेसला ते घट्ट चिकटतं. 316 आणि 304 मधला फरक मॉलिब्डेनमचा: 316 मध्ये ते 2 ते 3 टक्के असतं, 304 मध्ये नसतं. ते तपासायचं द्रावण मिळतं. धातूवर थेंब टाकून 9 व्होल्टची बॅटरी लावली की रंगावरून कळतं. स्टेनलेसचा भंगार घेणारे रोज हेच करतात.

मालवणच्या पुढे, वायव्येचा वारा चांगला भरलेला असताना डावं सुकाणू गेलं. चाक फिरत होतं, आतला टिलरचा दांडा फिरत होता, पण मागून वाकून बघितलं तर पातं बिजागरी तुटलेल्या दारासारखं लोंबत होतं. शाफ्ट आत फिरतोय आणि पात्याला त्याचा पत्ताच नाही. कॅटमरान होती म्हणून निभावलं: दुसरं सुकाणू होतं, आणि दोन हलमध्ये दोन इंजिनं असल्याने एकाचा जोर कमी-जास्त करून वळता येत होतं. तसेच देवगडला शिरलो.

उधाणाच्या भरतीला बोट खाडीतल्या वाळूवर घेतली आणि ओहोटीला ती आपल्या दोन हलवर सरळ बसली. सुकाणूखाली खड्डा खणला, कारण शाफ्ट खाली उतरायला तेवढी जागा लागते. ट्रॉलरच्या शाफ्टवर आयुष्य काढलेले एक काका ग्राइंडर घेऊन आले. कवच कापलं तर आत तोच जुना फोम, पिळला की पाणी. पट्ट्या बिस्किटासारख्या हाताने मोडत होत्या. फक्त कडेच्या पोकळ्यांत दारं-खिडक्या बसवताना मारतात तो स्प्रेचा फोम. शाफ्ट जुनाच, बोटीच्या आत दिसतो तेवढा भाग पॉलिश केलेला. काका पात्याकडे बघत म्हणाले, "ह्याच्यात नवीन म्हणशाल तर रंग तेवढा." उजव्या बाजूचा शाफ्ट मात्र खरंच नवा होता. थेंब टाकला, रंग पालटला नाही. 304.

मासे तोलायच्या काट्यावर ठेवलं तेव्हा डावं सुकाणू 47 किलो भरलं. खरी दुरुस्ती झाल्यावर 38. म्हणून काम देण्याआधी आणि परत घेताना वजन कराच. भिजलेला फोम रंगाखाली लपतो, काट्यावर लपत नाही. शाफ्टची मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूत काय आहे त्याचा कारखान्याचा दाखला) मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातू ओतलेल्या घाण्याचा क्रमांक, सळईवर छापलेला असतो, तो कापायच्या आधी जुळवा. आणि पातं बंद करायच्या दिवशी तिथे स्वतः उभे राहा, नाहीतर ओळखीच्या माणसाला उभं करा. तोपर्यंत निम्म्याहून जास्त पैसे हातातून सोडू नका.

यार्डवाल्याचं म्हणणं एकच: "तुम्ही कुठेतरी आपटली असणार." त्याच्या पक्क्या बिलावर लिहिलंय "रडर रिपेअरिंग व पेंटिंग, 2 नग". ग्रेड नाही, शाफ्ट नाही, फोम नाही, आणि रकमेचा मोठा भाग रोख. वकिलांनी कपाळाला हात लावला. जिल्हा ग्राहक आयोगात 50 लाखांपर्यंतचे व्यवहार चालतात आणि कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार करावी लागते, पण बिलात काम तपशीलवार नसेल तर लढाई चढणीची होते. आमचा भर आता फोटोंवर आहे.

ते फोटो मोठे करून पुन्हा बघितले तेव्हा कळलं. फोटोतल्या शाफ्टच्या टोकाला चावीची, म्हणजे घट्ट पकडीसाठी पाचर बसवायची, खाच आहे. आमच्या शाफ्टला खाच नाही, आरपार बोल्ट आहे. पातंही आमच्यापेक्षा बरंच खोल, एका हलच्या बोटीचं. दुसऱ्याच कुणाच्या कामाचे फोटो आम्हाला पाठवले होते. हिरव्या ताडपत्रीवर आडवं ठेवलेलं पातं, बाजूला निळा ड्रम, शाफ्टला खाच: असे फोटो तुम्हालाही आले असतील, किंवा मुळात ते पातं तुमचंच असेल, तर कृपया कळवा.