लॅपटॉपला दिवे: यूएसबीची पट्टी की आतून सोल्डर?

पुण्यातल्या तपकीर गल्लीत पाच व्होल्टची एलईडी पट्टी सहज मिळते. यूएसबीला जोडून लॅपटॉपच्या मागे चिकटवली की झालं. नको वाटली तर उपटून टाका. फक्त हिशेब ठेवा: यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि रंग बदलणारा डब्ल्यूएस२८१२बी दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० पर्यंत खातो. म्हणजे आठच दिवे. उजेड उतरवलात तर जास्त. दिसायला मात्र, खरं सांगू का, गणपतीचं मखर!

आतली जोडणी देखणी. झाकणावरचा लोगो कोरायचा, मागे पांढरा एलईडी, प्रवाह आवरायला १०० ओहमचा रेझिस्टर, मदरबोर्डावरच्या पाच व्होल्टवरून बारीक वायर. एलईडी ३.२ व्होल्टचा असेल तर साधारण १८ मिलिअँपिअर, बॅटरीला कळतही नाही. खरी डोकेदुखी बिजागरी. रोजच्या उघडझाकीत वायर तिथेच तुटते, म्हणून ती डिस्प्लेच्या केबलसोबत जरा सैल सोडून न्यायची. आणि आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, यात सूट नाही. वॉरंटी अर्थातच विसरा. हल्लीच्या पातळ झाकणांत जागाच नसते, त्यांच्या नादी लागू नका.

जुना, जाडजूड लॅपटॉप असेल तर मी आतूनच करीन. ऑफिसचा असेल तर पट्टीसुद्धा नको.