एएस/४०० ठेवायचं की विंडोज सर्व्हरवर जायचं?

मुंबईत अजूनही काही घाऊक वितरक आणि कारखानदार एएस/४०० या आयबीएमच्या धंद्यासाठी बनवलेल्या संगणक प्रणालीवर धंदा चालवतात, जिचा पडदा काळा आणि अक्षरं हिरवी असतात. धाकटी पिढी ऑफिसात बसायला लागली की पहिला विषय निघतो: हे जुनाट काढून टाकू. निर्णय जरूर घ्या, पण पडद्याचा रंग बघून घेऊ नका.

एएस/४०० जून १९८८मध्ये जाहीर झालं. पुढे त्याचं नाव आयसीरीज झालं, मग सिस्टिम आय आणि २००८पासून आयबीएम आय. प्रत्येक बारशानंतर लोकांना वाटलं, जुनं बंद पडलं. प्रत्यक्षात ७.६ ही आवृत्ती २०२५ साली आली आहे. इतकी भक्कम चीज आयबीएमने कधी मनापासून विकलीच नाही, याची मला खरंच चीड येते.

आता समोरासमोर ठेवून पाहू. विंडोजकडे सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, बॅकअप, अँटिव्हायरस असे सुटे भाग जुळवावे लागतात, लायसन्सही वेगवेगळी. आयबीएम आयमध्ये डीबी२ डेटाबेस, जॉबची (यंत्रावर चालणाऱ्या कामांची) व्यवस्था आणि युझरचे अधिकार मुळातच आत असतात. सांभाळायला माणसं कमी लागतात, हा फायदा कोटेशनमध्ये दिसत नाही.

सगळ्यात मोठा फरक तुमच्या प्रोग्रामचा. १९९५मध्ये या यंत्राचा प्रोसेसर ४८ बिटांवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसीवर गेला, तरी बहुतेक कंपाइल केलेले प्रोग्राम पुन्हा न लिहिता चालू राहिले. जुन्या आवृत्तीचा सपोर्ट इथेही संपतो, जसा विंडोज सर्व्हर २०१२चा ऑक्टोबर २०२३मध्ये संपला. पण वीस वर्षांपूर्वीचा स्कीम-डिस्काउंटचा हिशोब इथे सहसा तसाच पुढे येतो.

ऑर्डर घेणाऱ्या मुलीला कधी शेजारी उभं राहून बघा. आयटम कोड, फील्ड एक्झिट (पुढच्या रकान्यात नेणारी कळ), नग, एंटर. नजर कागदावर, हात कीबोर्डवर, माउसला स्पर्शही नाही. भिवंडीच्या गोदामातून फोन चालू असतानाच ऑर्डर चढते.

सुरक्षेत आयबीएम आय उजवं आहे: डेटा फाइल म्हणून बनलेली वस्तू प्रोग्राम म्हणून चालवताच येत नाही. मात्र त्याचं फोल्डर पीसीवर ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असेल, तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तिथल्या फायली बिघडवू शकतं. असे जोडलेले फोल्डर आजच तपासा.

उणी बाजू माणसांची, आणि ती गंभीर आहे. एसक्यूएल सर्व्हर येणारी मुलं सहज मिळतात, आरपीजी ही या यंत्राची प्रोग्रामिंग भाषा येणारे अनुभवी लोक निवृत्तीला आलेत. पण २०१३पासून आरपीजी मोकळ्या मांडणीत लिहिता येते, पायथन आणि नोड.जेएससारखी आजची प्रोग्रामिंगची साधनं त्याच यंत्रावर चालतात. हुशार पोराला तयार करता येतं. यंत्राची सुरुवातीची किंमत मात्र जास्तच.

नवा, दहा-बारा माणसांचा धंदा असेल तर मी विंडोज किंवा क्लाउडच सुचवेन. चालू आरपीजी प्रणाली असेल, तर तीच ठेवा आणि वर वेब स्क्रीन चढवा. तरीही हलायचंच असेल, तर दोन्ही व्हेंडरांकडून पाच वर्षांचा खर्च लेखी मागा. त्यात प्रोग्राम नव्याने लिहिणं, जुना डेटा आणणं आणि किमान एक मार्चएंड दोन्ही प्रणाली समांतर चालवणं धरलेलं हवं.