एका मिनिटाचा प्रश्न : ‘द डिसेंट’ ब्रिटिश शेवटासह पाहावा की अमेरिकन?

नील मार्शल यांनी दिग्दर्शित केलेला ‘द डिसेंट’ हा भयपट पाहायचे ठरवले म्हणजे निवड संपली असे होत नाही, कारण या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या उपलब्ध आहेत. एक, जुलै २००५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेली मूळ आवृत्ती. दुसरी, शेवटातला सुमारे एक मिनिट वगळून ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेत दाखवलेली. मी दोन्ही एकाहून अधिक वेळा पाहिल्या आहेत आणि योगायोगाने आधी अमेरिकन, मग ब्रिटिश अशा क्रमाने पाहिल्या आहेत. हा क्रम उलटा असता तर माझे मत इतके ठाम झाले असते का, याची मला स्वतःलाही खात्री नाही.

शेवट उघड केल्याशिवाय ही तुलना करता येत नाही. ज्यांना तो आधी कळू द्यायचा नसेल त्यांनी इथेच थांबावे आणि जमल्यास ब्रिटिश आवृत्ती मिळवावी.

शेवटापर्यंतच्या मजकुरात निवड करावी असा फरक नाही. ॲपलेशियन पर्वतरांगेतली एक गुहा, सहा मैत्रिणी आणि परतीची वाट बंद. गुहा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लेणी येतात, म्हणजे माणसाने कोरलेली, सपाट जमिनीची, उभे राहता येईल अशी जागा. इथली गुहा माणसाच्या मापाने झालेलीच नाही, हे चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात अंगावर आणून देतो. या गुहा पाइनवुड स्टुडिओत उभारलेल्या आहेत हे ठाऊक असूनही दर वेळी माझा श्वास अडकतो, कारण छायाचित्रकार सॅम मॅकर्डी यांनी उजेड शक्यतो त्या बायकांच्या हातात आणि डोक्यावर जेवढा आहे तेवढाच वापरला आहे : हेल्मेटवरचे दिवे, फ्लेअर, व्हिडिओ कॅमेरा. आंधळे, फिकट प्राणी तर बऱ्याच उशिरा येतात. माझ्यापुरते सांगायचे तर त्या मैत्रिणींपैकी सारा बोळात अडकते तो प्रसंग त्या सगळ्या प्राण्यांपेक्षा अधिक भीतिदायक आहे.

आता शेवटाकडे येऊ. सारा हाडांच्या ढिगावरून चढत उजेडाकडे जाते, बाहेर पडते, धावत गाडी गाठते, वेड्यासारखी गाडी हाकते आणि रस्त्याच्या कडेला थांबते. मान वळवते तो शेजारच्या आसनावर तिची मैत्रीण जूनो बसलेली असते. तीच जूनो, जिला जखमी करून ती गुहेत मागे सोडून आलेली आहे. कानठळ्या बसवणारा दचका. अमेरिकन आवृत्ती इथे संपते. ब्रिटिश आवृत्तीत मात्र साराला जाग येते ती गुहेतच. समोर तिची वर्षभरापूर्वी अपघातात गेलेली मुलगी आणि वाढदिवसाचा केक आहे, सारा तिच्याकडे बघून हसते, कॅमेरा हळूहळू मागे सरकतो आणि तिथे मशालीशिवाय काहीच नाही हे आपल्याला दिसते. दूरवरून त्या प्राण्यांचे आवाज येत राहतात.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने केला ती गोष्ट म्हणजे तो दचका. तो दोन्हीकडे आहे, हे मान्य. पण ब्रिटिश आवृत्तीत तो वाक्याच्या मधला अर्धविराम आहे आणि अमेरिकन आवृत्तीत तोच पूर्णविराम आहे. पहिल्यांदा आम्ही पाच जणांनी, सगळे ट्रेकला जाणारे, एका मित्राच्या घरी अमेरिकन आवृत्ती पाहिली. तासाभराहून अधिक काळ मुठी आवळून बसलेली ही माणसे तो दचका आल्याबरोबर आधी किंचाळली आणि लगेच हसू लागली. कोणीतरी कोणाची तरी नक्कल केली, कोणीतरी दिवा लावला, आणि जेवण येईपर्यंत चूक जूनोची की साराची यावर वाद रंगला. साराच्या मुलीचा विषय कोणीही काढला नाही, मीही नाही. इतक्या सावकाश, इतक्या कष्टाने साठवत आणलेली भीती त्या एका झटक्यात सांडून गेली, आणि ती सांडावी अशीच जणू योजना होती, ही गोष्ट मला तेव्हा नीट कळली नाही. नुसते काहीतरी खटकत राहिले.

काही महिन्यांनी मामेभावाने इंग्लंडहून ब्रिटिश डीव्हीडी आणली. ती आपल्याकडच्या प्लेअरवर रीजनच्या, म्हणजे डीव्हीडी कोणत्या देशांत चालावी हे ठरवणाऱ्या खुणेच्या, भानगडीमुळे चालेना, म्हणून संगणकावर पाहावी लागली. शेवटच्या मिनिटाला सौ. खोलीत आल्या. त्यांना भयपट चालत नाहीत. पडद्यावर मेणबत्त्या पाहून त्यांनी सहज विचारले, “कोणाचा वाढदिवस आहे?” मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. उत्तर द्यायचे तर रुग्णालयातल्या स्वप्नापासून, त्या अपघातापासून सांगायला हवे होते, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आले की चित्रपटाने हा केक आपल्याला पुन्हापुन्हा दाखवला होता, गुहेच्या अंधारात त्या मुलीचे हसू ऐकवले होते, एवढेच नव्हे तर आत शिरण्याआधीच गटातल्या एकीच्या तोंडून अंधारात भास होऊ शकतात हेही वदवून घेतले होते. अमेरिकन आवृत्ती हे सगळे धागे विणते आणि टोक न बांधताच सोडून देते. तिथे शेवटचा चेहरा जूनोचा आहे, त्यामुळे ती फसवणुकीची आणि सूडाची गोष्ट होते. ब्रिटिश आवृत्तीत शेवटी मुलगी आहे, आणि तीच गोष्ट एका आईच्या दुःखाची होते. एका मिनिटात विषयच बदलतो, असे निदान मला वाटते.

तरीही अमेरिकन शेवटाची बाजू अगदीच लंगडी नाही. सारा शरीराने सुटली, पण जूनो तिच्या शेजारच्या आसनावर कायमची येऊन बसली, हा अर्थ काढता येतो आणि तो काही सुखान्त नव्हे. मित्रमंडळींसोबत रात्री उशिरा पाहायचा असेल, आणि पाहून झाल्यावर सगळ्यांनी शांत झोपावे अशी अपेक्षा असेल, तर तो दचका एखाद्या वाफेच्या झडपेसारखा उपयोगी पडतो. शिवाय २००९ चा दुसरा भाग पाहायचा विचार असेल तर अमेरिकन शेवट सोयीचा, कारण ती कथा सारा बाहेर पडली आहे असे धरूनच सुरू होते. त्या भागाचे दिग्दर्शन पहिल्या भागाचे संकलक जॉन हॅरिस यांनी केले आहे. मी तो एकदा पाहिला. पुन्हा पाहण्याची इच्छा झालेली नाही, पण ती तक्रार वेगळी आहे.

राहता राहिला प्रश्न आपल्या हाती कोणती प्रत आली आहे हे ओळखण्याचा. वेष्टनावरच्या कालावधीवर विसंबू नये. फरक जेमतेम मिनिटाचा, आणि युरोपातल्या ‘पाल’ या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळत असल्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो; म्हणजे लांब आवृत्तीच आखूड असल्याचा समज व्हायचा. अमेरिकेत निघालेल्या डीव्हीडीवर ‘अनरेटेड’ (प्रेक्षक-श्रेणी न घेता काढलेली) असे लिहिले असेल तर तीत मूळ शेवट असतो. तेही कळण्यासारखे नसेल तर शेवटची पाच मिनिटे आधी स्वतः पाहून घ्यावीत, ही सूचना मी बिचकतच करतो, कारण ज्याने ती पाळली त्याची मजा गेली. त्यापेक्षा हा चित्रपट आधी पाहिलेल्या एखाद्या मित्राला प्रत तपासायला सांगावे. गाडीतल्या दचक्यानंतर लगेच श्रेयनामावली सुरू झाली, तर त्याने ती परत करून दुसरी मागवावी.