निळा ओबीडी डोंगल : चार-पाचशे रुपयात काय कळते अन् काय नाही

राजेहो, हा निळा ब्लूटूथ डोंगल आता गावात बऱ्याच जणांजवळ आहे म्हणून लिहूनच टाकतो. स्टिअरिंगखाली गाडीचा बिघाड वाचायचं ओबीडी सॉकेट असते, त्यात खोचायचा, मोबाईलमध्ये टॉर्क ॲप टाकायचं, झालं, बिघाडाचे कोड मोबाईलवर दिसतात. वर ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव) व्हर्जन १.५ छापलंय, अन् गंमत म्हणजे कॅनडातल्या मूळ ईएलएम कंपनीने १.५ व्हर्जन कधी काढलंच नाही, म्हणजे माल कॉपी आहे हे त्याच्या अंगावरच लिहून आहे. पण चालते.

कापसाच्या दिवसात गाडी कोठ्यात उभी राहायची. मग एक दिवस दारव्हा रोडवर चालता चालता स्पीडचा काटा झिरोवर, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) लाईट चालू, इंजिन मात्र एकदम मस्त. सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी न पाहताच सांगितलं, एबीएसचं मॉड्युल बदला, अन् आकडा ऐकून घरची म्हणे गाडीच इकून टाका. डोंगल लावला तर कोड आला यू०१२१. म्हणजे इंजिनचा ईसीयू, त्याचा छोटा कॉम्प्युटर, म्हणतो, एबीएसकडून मले काही ऐकू येत नाही. एबीएस खराब आहे असं तो म्हणतच नाही, हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

गाडीतले हे सगळे ईसीयू दोन पिळलेल्या वायरवर बोलतात, कॅन म्हणतात त्याले, बॉशने १९८६ साली आणलेलं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखं आहे ते, मेसेज कोणा एकाच्या नावाने जात नाही, सगळ्यांना ऐकू जातो अन् ज्याच्या कामाचा तो घेतो. चाकाचा स्पीड एबीएस टाकते, मीटर तोच उचलून काटा हलवते, म्हणून एबीएस गप्प झाला की काटाही पडला. दोघं एकदम बोलायला लागले तर ज्याच्या मेसेजचा नंबर लहान तो पुढे जातो अन् दुसरा आपोआप थांबतो, मेसेज कोणाचाच बिघडत नाही.

आता डोंगल इथपर्यंतच. वायर कुठं तुटली हे तो सांगत नाही. ते काम आमच्या इलेक्ट्रिशियनच्या साध्या मल्टिमीटरने केलं. बॅटरीचं टर्मिनल काढून त्यानं सॉकेटच्या ६ अन् १४ नंबरच्या पिनमध्ये, म्हणजे कॅनच्या दोन वायरमध्ये, ओहम मोजले. या वायरच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, सगळं जोडलेलं असलं तर ६० दिसते. इथं १२०. म्हणजे एक टोक गायब! झिरोच्या आसपास आलं असतं तर दोन्ही वायर एकमेकीले चिकटल्या असं समजायचं. आमच्या गाडीत दुसरं टोक एबीएसच्या मॉड्युलमध्येच आहे, तिकडची वायरिंग खोलत गेला तर उंदरानं खाल्लेली. सोल्डर मारलं, स्लीव्ह चढवली, अन् वायर परत पिळून बसवल्या, कारण बाहेरचा करंटचा त्रास दोन्ही वायरले सारखाच लागला पाहिजे, ईसीयू फक्त दोघींतला फरक वाचते. मॉड्युल जुनंच आहे.

तक्रारी पण आहेत. कधी कधी कनेक्टच होत नाही, काढून परत लावा. एबीएस, एअरबॅगचे स्वतःचे कोड साध्या ॲपमध्ये बहुतेक येत नाहीत, इंजिनचेच येतात. १६ नंबरच्या पिनले बॅटरी कायम चालू असते म्हणून डोंगल तसाच ठेवून आठ-दहा दिवस गावाला जाऊ नका. अन् कोड क्लिअर करून गाडी विकणारे लेकाचे याच डोंगलवर जगतात, जुनी घेताना थोडी चालवून मग स्कॅन करा.

ट्रॅक्टरले चालते का असं सगळे विचारतात. जुन्या ट्रॅक्टरात ईसीयूच नाही तर डोंगल बोलेल कोणाशी, अन् २०२३ पासूनचे ५० एचपीच्या वरचे जे नवीन आले त्यात ईसीयू आहे पण सॉकेट बहुतेक वेगळं, गोल असते, त्यात हा बसत नाही. पाचपैकी साडेतीन स्टार.