बिलात नवे लोअर आर्म, गाडीला जुनेच

गाडी ८२,००० किलोमीटर चाललेली डिझेल हॅचबॅक. तक्रार एकच: स्पीडब्रेकरवरून किंवा पेव्हर ब्लॉकवरून सावकाश जाताना पुढे डावीकडे खटखट. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या गर्दीत, पुण्यातल्या एका गॅरेजने सकाळी अकराला गाडी आत घेतली आणि साडेबाराला परत दिली. बिल असं: लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात) दोन, प्रत्येकी ३,२०० रुपये, लिंक रॉड दोन, प्रत्येकी ९५०, मजुरी २,४००, व्हील अलाइनमेंट ६००. वर जीएसटी, एकूण १४,१६४. मालकाने एक चक्कर मारून पाहिली. खटखट पूर्ण गेलेली. पैसे देऊन टाकले.

आवाज खरोखरच गेला होता, आणि सगळी मेख तिथेच आहे. तो आवाज लिंक रॉडचा होता. स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडीला फार कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला, सस्पेन्शनशी जोडणाऱ्या या हातभर दांडीच्या टोकांचे छोटे बॉल झिजले की कमी वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर ती वाजते. बदलायला एका बाजूला दोन नट आणि वीसेक मिनिटं लागतात. तेवढं काम चोख झालं होतं. लोअर आर्मलाही हात लागला होता, पण हातात पाना नव्हता, रंगाचा ब्रश होता.

हे कळलं जानेवारीत. पुढच्या डाव्या टायरची आतली कड घासलेली दिसली म्हणून टायरवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली. दोन्ही आर्म काळेकुळकुळीत. पण रंग बॉल जॉइंटच्या (आर्मच्या टोकाचा गोळीसारखा फिरता सांधा) रबरी बुटावर, म्हणजे टोपणावर होता, नटाबाहेर आलेल्या आट्यांवर होता, सबफ्रेमवरही (आर्म जिला जोडतात ती खालची लोखंडी चौकट) शिंतोडे होते. नवा आर्म आधी रंगतो आणि बॉल जॉइंट, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) नंतर दाबून बसवले जातात, त्यामुळे रबरावर रंग येण्याचं कारणच नाही. नखाने खरवडल्यावर खाली गंजाचे पापुद्रे निघाले. उजव्या बुटाला चीर होती, चिरेतून ग्रीस बाहेर आलेलं, ग्रीसवर धूळ बसलेली आणि त्या धुळीवर रंग. बोल्टच्या डोक्यांवर पाना फिरल्याची एकही खूण नव्हती. वर्षानुवर्षं न हललेला बोल्ट एकदा सुटला की त्याच्या कडा चकाकतात आणि वॉशरभोवती बसलेली चिखलाची गोल कड तुटते. इथे ती कड शाबूत होती. अलाइनमेंटचे ६०० घेतले होते, पण चाकांच्या कोनांचे आधीचे-नंतरचे आकडे दाखवणारी प्रिंट दिलेली नव्हती. टायर का घासला, याचं उत्तर बहुधा त्यातच आहे.

ही फसवणूक लोअर आर्मवरच का होते, तर तो दिसत नाही म्हणून. बॅटरी, वायपर, हेडलाइट मालकाला दिसतात. आर्म चाकामागे, खाली असतो: एका टोकाला दोन रबरी बुशमधून सबफ्रेमला जोडलेला, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग). आणि ‘बॉल जॉइंट निखळला तर चाकच बाहेर येईल’ हे वाक्य खरं असल्यामुळे भीती दाखवायलाही सोपं. कात्रजचा घाट उतरून रोज येणारा माणूस ते ऐकून दुसरं काही विचारत नाही.

भीती खरी की दाखवलेली, ते आवाजावरून बरंच कळतं. बुश फाटला असेल तर ब्रेक दाबताना किंवा गाडी झटक्यात उचलताना एकच ‘धप्’ येतो, आणि ब्रेकला गाडी एका अंगाला ओढते. बॉल जॉइंट कोरडा पडला की स्टिअरिंग वळवताना करकर येते. नुसती खटखट, तीही सरळ जाताना बारीक खड्ड्यांवर, हे आधी लिंक रॉडचं लक्षण मानायचं. आधी स्वस्त भाग तपासायचा, मग महाग. उलट क्रमाने जाणाऱ्यापासून सावध.

लिफ्टवर ‘प्ले’, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, दाखवण्याचेही ठरलेले खेळ आहेत. सर्वांत भाबडा खेळ म्हणजे चाकाचे नट आधीच अर्धा आटा ढिले करून चाक हलवून दाखवणं. दुसरा म्हणजे चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवणं. स्टिअरिंग लॉक नसेल तर रॅकबरोबर (दोन्ही चाकं वळवणारी दांडी) चाक हलणारच. समोरचं चाकही त्याच वेळी हलतंय का बघा, हलत असेल तर तो प्ले नव्हे. तिसरा खेळ पहारीचा. आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये पहार घालून रेटली की नवा बुशसुद्धा चार-पाच मिलिमीटर दबतो, कारण ते रबर आहे. बघायचं ते रबर लोखंडापासून सुटलंय का, आरपार चीर गेलीय का. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, त्यावर आर्म बदलत नाहीत.

बॉल जॉइंटसाठी चाक अधांतरी ठेवून वर आणि खाली धरून हलवायचं. खटका लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. खटका नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटवर बोट टेकवून पुन्हा हलवा. झिजलेला असेल तर खटका बोटाला जाणवतो. हे तुमच्यासमोर करायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

आता खरं काम किती वेळाचं, ते माहीत असलं की घड्याळही साक्षीदार होतं. जॅकवर गाडी उचलून स्टँडवर टेकवायची, चाक काढायचं, लिंक आर्मला जोडलेली असेल तर सोडायची. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये पिंच बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट पुण्यातल्या चार-पाच पावसाळ्यांनी गंजून बसलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून थांबावं लागतं, मग नकलच्या फटीत छिन्नी घालून फट किंचित उघडायची आणि पहारीने आर्म खाली ओढायचा. हब (चाकाचा मधला भाग) बाहेरच्या बाजूला फार ओढला तर एक्सलचा आतला जॉइंट निसटतो, ते वेगळं दुखणं. मग बुशचे दोन मोठे बोल्ट. काही गाड्यांत डावीकडचा पुढचा बोल्ट गिअरबॉक्सला अडतो आणि इंजिन माउंट सोडून गिअरबॉक्स थोडा उचलल्याशिवाय तो निघतच नाही. एका बाजूला तास ते दीड तास सहज. दोन आर्म, दोन लिंक रॉड आणि अलाइनमेंट, एका मेकॅनिकने, दीड तासात? हिशोब तिथेच फसतो.

आर्म खरोखर बदलला तरी एक चोरी उरतेच, आणि ती बरेचदा आळसापोटी होते. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळून टाकतात. चाक लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत आवळलं की बुशची आतली नळी तिथेच जखडते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो, आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं. मग वर्ष-सहा महिन्यांत बुश फाटतो आणि ‘रस्तेच असे’ म्हणून पुन्हा नवा आर्म गळ्यात पडतो. योग्य रीत अशी, की हवेत बोल्ट फक्त बेताचे लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) शेवटचं आवळायचं. बुशच्या मोठ्या बोल्टना बऱ्याच गाड्यांत १०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा वर, पिंच बोल्टला त्याहून बराच कमी. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. पिंच बोल्ट दांड्याच्या खाचेतून हाताने जायला हवा. हातोडीने ठोकून घालावा लागत असेल तर दांडा पूर्ण वर बसलेला नाही.

‘जोडीनेच बदलावे लागतात’ हे अर्धसत्य. बुश वयाने गेले असतील तर दोन्हीकडचे सोबत करणं शहाणपणाचं. एक आर्म खड्ड्यात आपटून वाकला असेल तर दुसरा बदलायची सक्ती कुठेच नाही. आणि बॉल जॉइंट ठणठणीत असून फक्त बुश गेला असेल, सुटा बुश मिळत असेल, तर प्रेसवर नवा बुश बसवून काम होतं, खर्च पुष्कळच कमी. हा पर्याय मात्र कुणी आपण होऊन सांगत नाही.

त्या बिलात टॅक्सचाही घोळ होता. पार्टवर २८ टक्के लावले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. ११,३०० वर १८ टक्क्यांनी १३,३३४ होतात, म्हणजे ८३० रुपये इथेच जास्त. शिवाय पार्टचा दर खोक्यावरची एमआरपी असेल तर तिच्यात टॅक्स आलेलाच असतो, वरून पुन्हा लावता येत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो मिनिटभरात तपासता येतो. खोका दाखवला होता म्हणे, पण लेबल फाडलेलं. लेबलवर पार्ट नंबर, एमआरपी, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. तेच फाटलेलं असेल तर तो खोका कुणाच्याही गाडीचा असू शकतो. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो पार्ट नंबर फोनवर विचारला तरी खरा भाव कळतो.

गाडी देण्याआधी वाकून दोन्ही आर्मवर नेलपेंटचा एक-एक ठिपका लावा, बोल्टच्या डोक्यावरही एक, आणि फोटो काढून ठेवा. जॉब कार्डवर मेकॅनिकच्या हातूनच लिहून घ्या: ‘जुने पार्ट परत द्यायचे’. परत मिळालेल्या आर्मवर तुमचा ठिपका असला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच गाडीचा सांगाडा हातात ठेवला जातो. बिलावर पार्ट नंबर लिहायला लावा, अलाइनमेंटची प्रिंट मागा.

एवढं करूनही फसलात तर आधी दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असतानाचे फोटो काढा आणि त्यानंतरच काही दुरुस्त करा. आर्म बदलल्यावर पुरावा उरत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येते.

त्या गॅरेजने जुने आर्म ‘भंगारात गेले’ असं सांगितलं होतं. रंगलेल्या बुटाचे, न हललेल्या बोल्टचे फोटो आणि लेखी नोटीस गेल्यावर आर्मचे ६,४०० आणि अलाइनमेंटचे ६०० यूपीआयने परत आले. त्यावरचा टॅक्स आला नाही. चिरलेल्या बुटाचा उजवा आर्म दुसरीकडे खराखुरा बदलला, डाव्याचा फक्त मागचा बुश. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना झालं, आणि काढलेला आर्म गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवून दिला.