साक्षीचं समन्स आलं तर ऑन ड्युटी का सीएल (किरकोळ रजा)?
कोर्टाचं समन्स घेऊन पोलीस दारात आला की पहिला प्रश्न एकच, सुटी कोणती टाकायची. तलाठी, मास्तर, ग्रामसेवक याइचं सोपं हाय. नोकरीतल्या कामाची साक्ष असंल, पंचनाम्यावर सही केली असंल, तर तो दिवस ड्युटीच धरतात, फक्त कोर्टातून हजेरीचं सर्टिफिकेट घ्यायचं, बाबूनं शिक्का मारल्याशिवाय टेबलापासून हलायचंच नाई. धुऱ्याचा, म्हंजे शेताच्या बांधाचा, घरगुती दावा असंल तर सीएल जाते, आन ते बरोबरच हाय म्हणा.

खरी गोची कापसाच्या जिनिंगवर नाईतर वेचणीले जाणाऱ्याची. खाजगीत साक्षीसाठी पगारी सुटी देणारा वेगळा कायदाच नाई, सारं मालकाच्या मर्जीवर. रोज बुडते, वरून यवतमाळपर्यंत एसटीचं भाडं, अन् तिथं गेल्यावर समजते का आज जज साहेब सुटीवर हाय, पुढची तारीख घ्या! फौजदारी केसमधे कोर्ट साक्षीदाराले वाजवी खर्च देऊ शकते, पण मागितल्याशिवाय कोण देते बावा, म्हणून तिकीट फेकू नका. दिवाणीत ज्यानं समन्स काढायले लावलं त्यालेच तो खर्च कोर्टात आधी भरा लागते.

 

मले विचाराल तर ऑन ड्युटीच बरी, पण ती ज्याले मिळते त्याले. बाकीच्यायनं मालकाले समन्सची झेरॉक्स आधीच द्या, आन सुटी नाई भेटली म्हणून घरी बसू नका, वॉरंट निघू शकते.